सुतकातली सही

सकाळी अध्याय संपेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. आंघोळ झाली की दिवा लावायचा, पोथी उघडायची, आणि शेवटची ओवी वाचून पोथी कपाळाला लावेपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. घरात सगळ्यांना ते सवयीचं झालंय. त्या वेळेत कुणी दारात आलं तर माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, आतूनच ओरडतात, "ती मुकी हाय आत्ता. नऊला या."

माझा धाकटा भाऊ जयराज कोरेगावला असतो. मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे त्याचं. त्यालाही माझी वेळ पाठ आहे. म्हणून त्या सोमवारी सव्वाआठला त्याचा फोन वाजला तेव्हा माझी नजर ओवीवरून हलली. वाजून बंद झाला. परत वाजला. तिसऱ्यांदा आत्याबाईंनी उचलला, दोनदा "व्हय" आणि एकदा "न्हाई बा" म्हणाल्या, आणि देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"जयराज हाय. तुमच्या ह्या घराच्या कर्जाचं कायतरी म्हणतोय. चिडल्यागत वाटला."

राहिलेल्या बावीस ओव्या मी डोळ्यांनी वाचल्या. मन त्यांत नव्हतं, ते देवालाही दिसलं असणार.

पोथी गुंडाळून मी त्याला फोन लावला.

"ताई, तुझं घराचं कर्ज थकलंवतं का मागं?"

"थकलं नव्हतं रे. बँकेनं सवलत दिली होती. तूच सही केलीस की त्या कागदावर."

"मला बी तेच ठाऊक. मग माझ्या सिबिलवर कसं काय आलं? सातारच्या बँकेनं फाइल थांबवलीया माझी. म्हणं, तुम्ही ज्याला जामीन हाय त्या कर्जात उशीर दिसतोय. मी म्हणलं, माझी भन एक दिवस अध्याय चुकवत न्हाई, ती हप्ता चुकवंल व्हय? लोकांसमोर छाती ठोकून सांगितलं मी."

माझं मौन संपलंय असं समजून तो थांबला होता, आणि मी परत मुकी झाले होते.

जयराज आणि त्याची बायको पल्लवी साताऱ्यात घर घेत होते. पल्लवी तिथल्या शाळेत शिकवते. रोज कोरेगावहून एसटीनं जाते, येते. गोडोलीकडं दोन खोल्यांचं एक घर त्यांना पसंत पडलं होतं. तिनं साठवलेले दोन लाख विसार म्हणून देऊन झाले होते. पंचवीस तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर घर दुसऱ्याला जाणार आणि विसार बुडणार, असं करारात लिहिलेलं होतं. त्या दिवशी तारीख सात होती.

"पल्लवी काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हणणार? गप हाय. ती गप असली की मला लय भ्या वाटतं." मग म्हणाला, "ताई, खरं सांग. काय झालंतं?"

"मी साताऱ्याला येते," मी म्हटलं. "समोर सांगते."

काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

सांगलीच्या विश्रामबागेतलं हे आमचं घर, तिसरा मजला, पूर्वेला खिडकी. घेतलं तेव्हा ह्यांचा पगार कमी पडत होता, म्हणून बँकेनं जामीन मागितला. जयराज एका शब्दावर सांगलीला आला, सह्या केल्या, जेवला आणि शेवटच्या गाडीनं परत गेला. "दाजींचं घर म्हंजी माझंच," एवढंच म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात हे दुचाकीवरून घसरले. कुपवाडला कारखान्यात टर्नर आहेत, सकाळच्या पाळीला निघाले होते. मांडीचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि डॉक्टर म्हणाले, पाच महिने पाय टेकायचा नाही. रजा संपल्यावर पगार थांबला. साठवलेलं औषधपाण्यात गेलं. तेव्हा मी पहिल्यांदा एकटी बँकेत गेले. तिथले साहेब भले होते. अर्ज लिहून घेतला, मिरजेचे कागद लावून घेतले. म्हणाले, "चार महिने हप्ता नको. मुदत पुढं वाढवू. फक्त जामीनदाराची ह्या फॉर्मवर सही लागेल. पाच तारखेच्या आत आणा, म्हणजे येत्या हप्त्यापासूनच धरता येईल."

मी फॉर्म घेतला, डोक्याला लावला. चार महिने श्वास घ्यायला मिळाले असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी कोरेगावला जायचं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी निरोप आला की नानासो काका गेले. आमचे थोरले चुलते. जयराजला त्यांनीच वाढवलं.

मी गेले. फॉर्म पर्समध्येच होता. घरात सुतक, जयराजनं डोक्याचं मुंडण केलेलं, घोंगड्यावर बसलेला. येणारी माणसं भिंतीशी टेकत होती, काळा चहा पीत होती, उठत होती. मी त्याच्या शेजारीच बसले होते. पर्स मांडीवर. दोन दिवस मी ती मांडीवरून हलवली नाही. कागद बाहेर काढला नाही.

सुतकात आम्ही देवाला हात लावत नाही. पोथीला शिवत नाही, कपाळाला कुंकू लावत नाही. चांगल्या कामाचा कागद त्या घरात कसा पुढं करायचा? नव्या आयुष्याची म्हणून जी सवलत मिळणार, तिच्यावर सुतकी हाताची सही? मन घेईना. तेरावं झालं, घर धुऊन निघालं, तेव्हा चौदाव्या दिवशी मी परत गेले, सही घेतली आणि बारा तारखेला फॉर्म बँकेत दिला.

साहेबांनी तारीख पाहून हळहळ केली. "ताई, पाचचा हप्ता परत गेला की. आता सवलत पुढच्या महिन्यापासून धरावी लागेल. हा एक मधला तुम्हाला भरावा लागेल, लवकर भरा."

लवकर कुठून भरणार? भिशीचा माझा नंबर पुढच्या महिन्यात होता. तो आला तसा भरला. चौतीस दिवसांनी. पुढचे चार महिने सवलतीत गेले, हे कामावर जायला लागले, आणि त्यानंतरचा एकही हप्ता चुकला नाही. मला वाटलं, संपलं. चार दिवस इकडं-तिकडं, त्यात काय एवढं. जयराजला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.

फोन आला त्या दुपारी ह्यांना सगळं सांगितलं. हे खुर्चीत बसून पायाचा व्यायाम करत होते. ऐकून पाय खाली ठेवला.

"मला का न्हाई बोललीस तवा?"

"तुमच्या पायात सळई होती."

"सळई पायात होती. कानात न्हवती."

पाय परत उचलत हे म्हणाले, "जा. त्याला सांग. जयराज रागवंल, पर तोडणार न्हाई. आन बँकेत खोटं बोलू नको."

"मी कधी खोटं बोलते?"

"न्हाई बोलत. गप बसतीस. त्ये जास्त वंगाळ."

आत्याबाई मटार सोलत सगळं ऐकत होत्या. "आमच्या टायमाला बरं हुतं," त्या म्हणाल्या. "कर्ज बी न्हवतं, त्ये सिबील का फिबील बी न्हवतं."

"घर बी न्हवतं, आये," हे म्हणाले.

कागद मी पोथीच्या जुन्या बासनात बांधून ठेवले होते. सवलतीचं पत्र, मिरजेचं डिस्चार्ज कार्ड, भरलेल्या हप्त्याची पावती. देवाजवळची वस्तू हरवत नाही म्हणून तिथं ठेवले होते. ते बासन तसंच पिशवीत घातलं. नवस बोलले नाही. जी चूक माझी, तिला देवाला कशाला जामीन ठेवायचं?

साताऱ्याच्या त्या बँकेत जयराज आणि पल्लवी आधीच येऊन बसले होते. जयराजनं उठून पाया पडल्यासारखं केलं आणि लगेच परत बसला. पल्लवीनं "या वन्सं" म्हणून बाजूला सरकून जागा दिली. तिच्या मांडीवर घराच्या कराराची पिवळी फाइल होती, आणि तिचे दोन्ही हात त्या फाइलीवर होते. ते हात बघून मला माझी पर्स आठवली.

कर्जाचं काम बघणाऱ्या मॅडम होत्या नीलिमा खरात. चाळिशीच्या असतील. चष्मा वर ढकलत त्यांनी जयराजचा अहवाल आमच्याकडं फिरवला.

"घाबरू नका, आधी बघा. हे जयराज यांचं स्वतःचं. दुकानाचं कर्ज, गाडीचं कर्ज, सगळं वेळेवर. आणि हे तुमचं घराचं, ज्याला ते जामीन आहेत. जामीन असलेलं कर्जही त्यांच्या नावावर दिसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ह्या ओळीत महिन्या-महिन्याचं लिहिलेलं असतं."

मी वाकून पाहिलं. छोट्या छोट्या चौकटी होत्या. माझ्या कॅलेंडरवर नेमाच्या दिवसांवर मी जशा खुणा करते, अगदी तशी रांग. सगळ्या सारख्या, आणि एकाच चौकटीत वेगळा आकडा. चौतीस.

"तो पाच तारखेचा," मी म्हणाले.

"हो. आता गंमत बघा. त्यानंतरचे हे चार महिने. हप्ता आलेला नाही, तरी उशीर लागलेला नाही."

"का?" पल्लवीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कारण तेव्हा बँकेनं लेखी मान्य केलं होतं. आधी विचारून, मंजुरी घेऊन थांबलात तर ते थांबणं उशिरात धरत नाहीत. न विचारता, किंवा मंजुरी यायच्या आधीच थांबलात, तर एका महिन्याचाही उशीर तो उशीरच. तुमचा हा एक महिना मंजुरीच्या बाहेर पडला."

माझ्या मनात आलं, आपल्या नेमाचंही असंच असतं. बाहेरगावी जायचं असलं की मी आधी देवापुढं सुपारी ठेवते, शेजारच्या राणीला दिवा लावायला सांगते, मग तो खंड धरत नाहीत. सांगितलंच नाही आणि दिवा राहिला, तर मात्र मन खातं. पण हे मी तिथं बोलले नाही.

"आणि हा शेरा कसला?" जयराजनं बोट ठेवलं.

"फेरमांडणी. म्हणजे कर्जाची मुदत बदलून दिली होती, असा अर्थ. हा डाग नव्हे, पण हा शेरा दिसला की आमचा कॉम्प्युटर फाइल आपोआप थांबवतो. मग माणसाला वाचावं लागतं. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"म्हणजे सवलत घ्यायलाच नको होती का?" मी विचारलं.

"असं कसं म्हणू ताई? नसती घेतली तर इथं एक चौतीस आहे, तिथं पाच असते. आणि नुसते चौतीस नाही, साठ, नव्वद. मग मी ही फाइल उघडलीच नसती." त्या जरा हसल्या. "तुमच्या ह्या एका उशिरानं तेव्हा जयराज यांचा सिबिलचा आकडा सातशेच्या खाली गेला असणार. आता सातशे चाळीसला आलाय. दोन वर्षं तुम्ही हप्ता चुकवला नाही, त्यानं तो वर चढला. झालेलं पुसलं जात नाही, पण जुनं होत जातं तसं त्याचं वजन कमी होतं."

मग त्यांनी सवलतीचं पत्र हातात घेतलं, तारखा लावून पाहिल्या, आणि सरळ विचारलं, "एवढंच मला कळत नाही. अर्ज तर वेळेत दिलाय. फॉर्मही हातात होता. जामीनदाराची सही तेवढी अर्जानंतर चौदा दिवसांनी. का? जयराज, तुम्ही सही द्यायला तयार नव्हता का? तसं असेल तर मला लिहावं लागेल."

जयराज माझ्याकडं वळला. "मी? तिनं कागद दिला त्याच मिनिटाला सही केली मी. ताई, तू चौदाव्यालाच आणलावतास ना?"

आता गप बसणं शक्य नव्हतं.

"कागद पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होता," मी म्हणाले. "नानासो काका गेले तेव्हा मी दोन दिवस तुझ्या शेजारी बसले होते. पर्समध्येच होता. सुतक होतं म्हणून काढला नाही. तुझी सही सुतकात नको वाटली. चूक माझी आहे, जयराज. तुला तेव्हा सांगितलंही नाही. तू छाती ठोकून बोललास आणि मी..."

मी पदर तोंडाला लावला. पल्लवी फाइलीकडं बघत होती.

जयराजनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सुतक म्हणून?"

"हो."

"ताई, नानांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर सही कुणी केली?"

मी पदर खाली घेतला.

"मी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी. नगरपंचायतीचा माणूस घरी आलावता, तुझ्या म्होरं. तूच पेन दिलंस मला. त्याच पर्समधनं काढून!"

मला लखकन आठवलं. निळं पेन. पर्सची चेन उघडली, फॉर्मच्या घडीला हात लागला, तिच्या शेजारचं पेन काढलं, आणि चेन परत लावली.

"तेराव्याच्या मांडववाल्याला चेक दिला. आचाऱ्याला दिला. दुकानात गिऱ्हाइकाची मोटार अडकलीवती, तिच्या पावतीवर सही केली. आगं त्या तेरा दिवसात मी जेवढ्या सह्या केल्या तेवढ्या लग्नात बी केल्या न्हाईत!" त्याचा आवाज चढत गेला आणि मधेच फुटला, आणि मला कळलं की तो हसतोय. "सुतकात देवाला हात लावायचा नस्तो गं. बँकेला कुणी सांगितलं?"

पल्लवीनं ओठ मुडपले होते. मग तिच्याच्यानंही राहवेना. ती फाइलीत तोंड घालून हसायला लागली. शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघायला लागला.

मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही.

नीलिमा मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. "आमच्या घरात सुतक पाळत नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "पण दुःखाच्या घरात स्वतःच्या कामाचा कागद काढायला हात होत नाही, ते मला कळतं. बाबा गेले तेव्हा माझ्याकडंही एक फॉर्म असाच पडून राहिला होता." मग लगेच त्यांचा नेहमीचा आवाज आला. "हे लिहून द्या. तुमच्या शब्दांत. जे झालं ते, तारखांसकट. मी पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि पावती जोडून वर पाठवते. मंजुरी वरून येईल, शब्द मी देत नाही. पण फाइल आता वाचण्यासारखी झाली."

त्यांनी कोरा कागद दिला. मी सवयीनं वर मधोमध 'श्री' लिहिलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन रेघा ओढल्या, आणि मग दचकले. "मॅडम, चुकलं. दुसरा कागद..."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्यानं काही बिघडत नाही."

मी लिहिलं. पतीचा अपघात, मिरजेचं ऑपरेशन, अर्जाची तारीख. मग लिहिलं, 'जामीनदार माझे बंधू असून त्यांचे घरी सुतक असल्याने मी त्यांच्याकडे सही मागितली नाही. उशीर माझ्यामुळे झाला. बंधूंचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी माझ्यासाठी शब्द दिला व तो आजवर पाळला.' खाली सही केली, आणि तारीख घालायला विसरले नाही.

जयराजनं कागद वाचायला घेतला. शेवटपर्यंत आला, परत वरून वाचला. मग नाक ओढत म्हणाला, "काडीचाही एवढं कशाला? दोष न्हाई म्हणलं तरी भागलं असतं."

बाहेर पडलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्या दिवशी माझा उपास होता, आणि मी बाहेरचं काही खात नाही, म्हणून स्टँडवर नुसती उभी होते. पल्लवी कुठं तरी गेली आणि राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट घेऊन आली.

"वन्सं, हे उपासाला चालतं ना? पाकिटावर बघितलं मी, सगळं वाचलं."

"चालतं गं."

"मग बसून खा. मी सकाळपासून तुमच्यावर लय रागावले होते." तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "अजून थोडी आहे. कर्ज झालं की सगळी जाईल."

"जायला नको," जयराज म्हणाला. "थोडी ठेव. ह्या जरा धाकात बऱ्या."

गाडीत बसल्यावर मी पाकीट फोडलं. कराड येईपर्यंत तीन लाडू खाल्ले. दोन वर्षांत इतकी भूक लागली नव्हती.

पुढचे दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजले. वीस तारीख गेली. एकवीस गेली. हे रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "आला का फोन?" मी मान हलवायची. आत्याबाईंनी दूधवाल्याला, भाजीवालीला आणि खालच्या मजल्यावरच्या अंजनाला सगळी हकिकत सांगितली, सुतकासकट. भाजीवाली मला म्हणाली, "मी बी तसंच केलं असतं बगा." बरं वाटलं. मग वाटलं, भाजीवालीनं आणि मी मिळून सांगलीतल्या सगळ्या बँका बुडवल्या असत्या.

बावीस तारखेला सकाळी मी पोथी उघडून बसले होते. निम्मा अध्याय झाला होता. फोन वाजला.

ह्या खेपेला तो देवघरात माझ्या आसनाशेजारीच होता. आठ दिवस मी तो तिथंच ठेवत होते. हे बरोबर नाही हे मला कळत होतं, पण ठेवत होते. जयराजचं नाव दिसलं. मी हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. बोलले मात्र नाही.

"ताई? मुकी हाईस न्हवं?" जयराज म्हणाला. "मला ठाऊक हाय. म्हणूनच आत्ता केला. आता माझं सगळं ऐकून घ्यावं लागंल तुला, मधी बोलता येणार न्हाई."

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"पह्यलं. पुढच्या बारीला कसला बी कागद असला, तर पर्समधनं काढायचा. मी चितेवर असलो तरी."

असलं बोलू नये. मी जोरानं मान हलवली, जणू त्याला दिसणार होतं.

"दुसरं. नीलिमा मॅडमनी सांगितलंय, तुझं ते पत्र वरच्या सायबानं दोनदा वाचलं. वर 'श्री' बघून म्हणं, हे लग्नपत्रिका हाय का काय. मॅडम म्हणाल्या, न्हाई सर, खरं हाय म्हणून असं दिसतंय."

मागं पल्लवी काहीतरी बोलत होती, कपबशी वाजली.

"तिसरं. व्याज पाव टक्का जास्त लावलंय, त्या चौतीसपायी. वर्षभर हप्ते नीट गेले तर कमी करायचा अर्ज देता येतो म्हणाल्या. आन ताई, तो पाव टक्का मी भरते असं म्हणू नको, मी ऐकणार न्हाई. बोलू शकत न्हाईस तेच बरं. तर... पास झालं."

डोळ्यांपुढची ओवी विरघळली. तोंड उघडलं होतं, शब्द दातांपर्यंत आला होता. अकरा वर्षांत एकदाही न मोडलेलं मौन. मी ओठ मिटले आणि इकडं-तिकडं पाहिलं. समोर घंटा होती. उचलली, फोनजवळ धरली आणि वाजवली. वाजवतच राहिले.

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "आगं बया, आरती कवा सुरू झाली?"

हे पळत आले. पळत. पाय किंचित ओढत, पण पळत. दारात उभे राहिले, माझ्या हातातल्या घंटेकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि काही न विचारता भिंतीला टेकून हसायला लागले.

फोनमध्ये आता पल्लवीचा आवाज होता. "वन्सं, राग गेला बरं का. सगळा. आणि वास्तुशांतीला चार दिवस आधी यायचं. पेन घेऊन."

"ऐकलंस ना?" जयराज मागून ओरडला. "बास कर आता, किती वाजिवतीस! कान बधिर झाला."

मी घंटा खाली ठेवली. फोन बंद केला, पालथा ठेवला. डोळे पुसले, बोटानं ओळ शोधली. पुढची ओवी कुठली होती ते आठवेना, म्हणून अध्याय पहिल्यापासून सुरू केला. त्या दिवशी आमच्या घरात नऊला नाही, दहा वाजता बोलणं झालं.